सहा तारांची शाळा : न छेडलेली तार

काय दोस्तांनो, कशी आहेत बोटं? टोकांना घट्टे पडायला लागले असतील तर अभिनंदन! आणि अजून नुसती दुखतच असतील, तर काळजी करू नका. रोज थोडं थोडं वाजवत राहा, दुखणं आपोआप कमी होईल.

या वेळी साताऱ्याहून नववीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती विचारते, "कॉर्डच्या चित्रात काही तारांवर फुली असते. फुली कडेच्या तारेवर असली तर ती सोडून स्ट्रोक मारता येतो. पण मधल्याच तारेवर फुली असेल तर काय करायचं? स्ट्रोक मारताना हात उडी कशी मारणार?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, बरं का! गंमत म्हणजे कडेची फुली सोपी आणि मधली अवघड, असं तिला वाटतंय. मलाही तुमच्या वयात तसंच वाटायचं. त्या समजुतीपायी माझ्या हातून एक चूक झाली. तिची किंमत मात्र दुसऱ्यालाच मोजावी लागली. आधी ती गोष्ट सांगतो.

मी दहावीत होतो. स्नेहसंमेलनात माझ्या बाकावरचा मित्र एक भावगीत म्हणणार होता आणि मी त्याला गिटारची साथ करणार होतो. गिटार शेजारच्या काकांची, मागून आणलेली. मित्राचा आवाज नुकताच फुटून स्थिरावला होता, पट्टी पांढरी दोन. म्हणजे त्याचा सा आमच्या गिटारवर डी. गाण्यात कॉर्ड तीनच : डी, जी आणि ए. महिनाभर आम्ही तालीम केली. मी पाठ केलं होतं, डी कॉर्डमध्ये सहाव्या आणि पाचव्या तारेवर फुली. तेव्हा डी आली की पिक बरोबर चौथ्या तारेपासून खाली आणायचा. एकदाही चुकायचो नाही!

कार्यक्रमाच्या दिवशी गाणं छान रंगलं. शेवटची ओळ आली. ए वरून डी वर यायचं, त्याने सा वर येऊन थांबायचं आणि संपलं. मी ए चा दणदणीत स्ट्रोक मारला, मग डी चा. तो सा वर आला आणि त्याचा आवाज हलला. वर सरकला, खाली आला, पुन्हा वर. मागच्या बाकांवरून हसण्याचा आवाज आला. पडदा पडल्यावर सगळे म्हणाले, "शेवटी बेसूर झालास." मीही म्हणालो, "अरे, मी तर बरोबर वाजवत होतो." ते वाक्य मला अजून आठवतं.

पुढे फेब्रुवारीत निरोप समारंभ झाला. त्याला गायला बोलावलं तर तो म्हणाला, "नको, मला जमत नाही." आणि तो गायलाच नाही.

आता मला सांगा, चूक कोणाची होती? लगेच उत्तर देऊ नका. आधी एक प्रयोग करू या.

गिटार मांडीवर घ्या. तारा नीट जुळवलेल्या हव्यात. सगळ्या तारा हाताने थांबवा, शांत होऊ द्या. आता फक्त पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार मोकळी छेडा. मनात तीन आकडे मोजा आणि तीच तार बोटाने थांबवा. ऐका बरं! तार थांबली, तरी तोच सूर अगदी बारीक आवाजात अजून ऐकू येतोय की नाही? आता सहाव्या आणि पाचव्या तारेवर हलकेच बोटं ठेवा. गेला ना सूर?

म्हणजे त्या तारा तुम्ही न छेडताच वाजत होत्या! याचं कारण असं. सहावी तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते आणि पहिली सुमारे ३३० वेळा, म्हणजे चौपट. जाड तार अख्खी हलते, तशीच ती दोन, तीन, चार भागांतही हलू शकते. पहिली तार वाजली की तिची कंपनं लाकडातून सहावीपर्यंत जातात आणि सहावी चार भागांत हलायला लागते. पाचवी तार सेकंदाला ११० वेळा हलते. ११० ची तिप्पट ३३०, म्हणून तीही तीन भागांत हलते. सतारीच्या मुख्य तारांखाली तरफेच्या तारा असतात ना, त्या याच तत्त्वावर घुमतात. सतारीला हे घुमणं हवंच असतं. गिटारवर मात्र ते कधी हवं असतं, कधी नको असतं.

तर पहिला धडा हा : तार टाळणं वेगळं आणि तार गप्प करणं वेगळं. फुलीचा अर्थ "ही तार मारू नका" एवढाच नसतो. "ही तार ऐकू येऊ देऊ नका" हा तिचा खरा अर्थ.

माझं तेव्हा काय झालं होतं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. ए मेजरचे सूर ए, सी शार्प आणि ई. सहावी मोकळी तार ई चीच. त्यामुळे ए मध्ये ती वाजली तरी चालते, आणि मी ती चांगली जोरात वाजवली होती. मग डी वर आलो, पिक चौथीपासून आणला, सगळं बरोबर. पण आधीची सहावी तार थांबवली कोणी? कोणीच नाही! ती आपली घुमतच राहिली. सा जर डी असेल, तर ई म्हणजे रे. माझा मित्र सा वर येऊन टेकायला बघत होता आणि त्याच्या पायाखाली मी मंद्रातला रे घुमवत होतो. तानपुरा सा देऊन गाणाऱ्याला आधार देतो. मी आधाराची फळीच हलवत होतो.

आता वळू या बोटांकडे.

कडेची फुली

आधी लिहिण्याची पद्धत पाहू. कॉर्ड आपण सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत लिहू. आकडा म्हणजे कितव्या फ्रेटवर दाबायचं, शून्य म्हणजे मोकळी तार, फुली म्हणजे गप्प.

सी मेजर : × ३ २ ० १ ०. इथे अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला असते. तीच अनामिका केसभर वर सरकवा, म्हणजे तिचं टोक सहाव्या तारेला नुसतं टेकेल. टेकेल म्हटलं, दाबेल नाही! दाबली तर ती वेगळा सूर देईल. टेकवली तर फक्त "टक" असा मुका आवाज येईल.

ए मेजर : × ० २ २ २ ०. गाण्यात पुढे डी येणार असेल, तर ए मध्येच सहावीला गप्प ठेवलेलं बरं. पण इथे पाचवी तार मोकळी आहे, तिच्यावर बोटच नाही. मग अंगठा वापरा. गिटारच्या मानेमागचा अंगठा थोडा वर आणा आणि त्याचं टोक सहाव्या तारेला टेकवा. डी मेजर, म्हणजे × × ० २ ३ २, यालाही हीच युक्ती. पाचवी तार ए ची, आणि ए हा सूर डी कॉर्डमध्ये आहेच. त्यामुळे ती चुकून घुमली तर माफ. सहावीला मात्र माफी नाही.

"पण आमचा अंगठा पोचतच नाही!" असं लहान हातांचे दोस्त म्हणतील. हरकत नाही. उजव्या हाताच्या अंगठ्याची कड डी चा स्ट्रोक मारण्याआधी क्षणभर सहाव्या तारेला लावा. तार थांबली की मारा स्ट्रोक. आधी हे कृत्रिम वाटेल, मग सवय होईल.

मधली फुली

आता आपल्या साताऱ्याच्या मैत्रिणीचा प्रश्न. ही कॉर्ड बघा : ३ × ० ० ३ ३.

ही आहे जी, पण जरा निराळी. मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. अनामिका दुसऱ्या तारेवर आणि करंगळी पहिल्या तारेवर, दोन्ही तिसऱ्याच फ्रेटला. राहिली पाचवी तार. तिला गप्प करायला वेगळं बोट नको. मधलं बोट एरवी आपण ताठ उभं ठेवतो. इथे मुद्दाम थोडं आडवं करा, म्हणजे त्याचा आतला मऊ भाग पाचव्या तारेला टेकेल. आता बिनधास्त सहाही तारांवरून पिक फिरवा. उडी नाही, नेम नाही! पाचवी तार "टक" करून गप्प बसेल.

या कॉर्डमध्ये एक गंमत दडलीय. तिचे सूर मोजा : जी, डी, जी, डी, जी. जी ला सा मानलं तर सगळे सा आणि प! गंधार नाहीच. नेहमीच्या जी कॉर्डमध्ये पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला गंधार असतो. तो इतका खालचा असतो की सहाव्या तारेवरच्या सा शी चिकटून घरंगळल्यासारखा वाजतो. पाचवी तार गप्प केली की कॉर्ड एकदम स्वच्छ वाटते. गंधार हवाच असेल तर दुसरी तार मोकळी सोडा : ३ × ० ० ० ३. ती मोकळी तार बी ची, म्हणजे गंधारच, पण वरचा. दोन्ही आलटून पालटून वाजवा आणि फरक कानाने ओळखा.

आता थोडी पुढची पायरी, जी सेव्हन : ३ × ३ ४ × ×. सहा तारा, पण सूर तीनच : सा, कोमल नी आणि ग. मधलं बोट सहाव्या तारेवर, पाचवीला टेकलेलं. अनामिका चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. करंगळी तिसऱ्या तारेवर चौथ्या फ्रेटला, आणि तिला किंचित झोपवायचं, म्हणजे तिच्या पोटाखाली दुसरी आणि पहिली तार गप्प होतील. तीन बोटांनी तीन सूर दाबले आणि तीन तारा झाकल्या!

एवढेसे तीन सूर कोणाला पुरणार, असं वाटतंय? अमेरिकेत काउंट बेसी यांचा जॅझ वाद्यवृंद होता. त्यात फ्रेडी ग्रीन नावाचे गिटारवादक १९३७ साली आले आणि १९८७ साली वारले तोवर, म्हणजे पन्नास वर्षं, त्याच वृंदात राहिले. एवढी ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन भोवती असताना ते साधी, बिनविजेची गिटार वाजवत. दर मात्रेला एक स्ट्रोक, आणि त्यात दोन-तीनच सूर. बाकीच्या तारा डाव्या हाताने झाकलेल्या. सहाही तारा घुमवल्या असत्या तर बाकीच्या वाद्यांत नुसता गोंधळ माजला असता.

एक सावधगिरी. पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर एकच बोट हलकं टेकवलं, तर तार गप्प होण्याऐवजी घंटेसारखी किणकिणते. हौस म्हणून करून बघा, फार गोड वाजतं. पण गप्प करायची असेल तेव्हा त्या जागांवर दोन बोटं टेकवा, किंवा बोट जरा बाजूला घ्या.

उजव्या हाताच्या तीन तऱ्हा

डावा हात झाकण्याचं काम करतो, तसा उजवा हात निवडण्याचं. त्याच्या तीन तऱ्हा शिकून ठेवा.

पहिली तऱ्हा, बोटांनी. पिक खिशात टाका. जी सेव्हन धरा. अंगठा सहाव्या तारेवर, तर्जनी चौथ्या, मधलं बोट तिसऱ्या तारेवर. तिन्ही बोटं एकदम चिमटीसारखी आत ओढा. तिन्ही सूर एकाच क्षणी वाजतील, आणि पाचव्या तारेला कोणी हातच लावला नाही! ब्राझीलचे जुआंव जिल्बेर्तो बोसा नोव्हा अशाच पद्धतीने वाजवत. अंगठा खालचा सूर ठेक्यावर देतो, बाकीची बोटं कॉर्ड ठेक्याच्या अधेमधे टाकतात. १९५९ साली त्यांची पहिली एलपी आली आणि पुढे जगभरचे गिटारवाले ती चाल शिकायला बसले. घरात कोणाकडे त्यांची रेकॉर्डिंग असतील तर जरूर ऐका. गाणारा किती हळू गातोय आणि गिटार त्याला कुठेच झाकत नाही, याकडे लक्ष द्या.

दुसरी तऱ्हा, पिक आणि बोटं मिळून. पिक नेहमीसारखा अंगठा आणि तर्जनीत. तो सहावी तार मारेल. त्याच वेळी मधलं बोट चौथी तार आणि अनामिका तिसरी तार ओढेल. सुरुवातीला पिक आधी वाजेल आणि बोटं मागून येतील. अगदी सावकाश करा. तिन्ही एकत्र आले की मगच लय वाढवा.

तिसरी तऱ्हा, थांबा आणि उडी. जी ची कॉर्ड धरा. पिकने सहावी तार मारा आणि पिक पुढच्या पाचव्या तारेवर टेकू द्या, तिथेच क्षणभर थांबवा. टेकलेला पिक पाचवीला आपोआप गप्प करतो! मग तिथून उचलून चौथीपासून खाली स्ट्रोक. "धम-छन्, धम-छन्" असा ठेका मिळेल. भावगीतांना हा ठेका छान शोभतो.

डाव्या हाताने झाकता येत असेल तिथे झाका, उजव्याने निवडता येत असेल तिथे निवडा. दोन्ही एकदम जमलं तर सोन्याहून पिवळं.

या आठवड्याचा गृहपाठ

एक : प्रत्येक कॉर्ड धरून सहावीपासून पहिलीपर्यंत एकेक तार सुटी छेडा. प्रत्येक तारेने एकतर स्वच्छ गायला हवं, नाहीतर "टक" करायला हवं. मधलंच काहीतरी "खर्रर्र" आलं, तर बोट हलवून पुन्हा.

दोन : ए चार मात्रा, डी चार मात्रा. डी चा पहिला स्ट्रोक मारला की लगेच उजव्या हाताने चौथी ते पहिली अशा चार तारा थांबवा. आता काय उरलं? काहीतरी खाली घुमत असेल, तर चोर सापडला! रोज दहा वेळा करा. चोर घुमायचा थांबला की समजा जमलं.

तीन : सहावी तार मोकळी असलेल्या ई मायनरवरून ए मायनरवर जा. तिथेही हाच चोर लपलेला असतो. त्याला कसं पकडायचं ते मी सांगणार नाही, तुम्हीच शोधा.

आता गोष्टीचं राहिलेलं टोक. त्या कार्यक्रमाची कॅसेट माझ्या मावशीने केली होती. परीक्षेच्या अभ्यासाच्या सुट्टीत ती मी ऐकली. शेवटची ओळ आली, आणि त्याच्या आवाजाखाली ती सहावी तार स्पष्ट ऐकू आली. मी पुन्हा मागे घेऊन ऐकलं. मग गिटार घेऊन वर सांगितलेला दुसरा गृहपाठ केला, आणि चोर माझ्याच हातात सापडला.

त्याच संध्याकाळी सायकल काढून मी त्याच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, वाजवूनही दाखवलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी बेसूर नव्हतो?" मी म्हणालो, "नव्हतास. मी होतो." त्याने पुन्हा ए, मग डी वाजवायला लावली. या वेळी मी सहावी तार झाकली. तो सा वर आला आणि तिथे राहिला.

पण निरोप समारंभ होऊन गेला होता. तो काही परत येणार नव्हता.

म्हणून तुम्हाला एकच सांगणं आहे. साथीदाराने गाणाऱ्याला दोष द्यायच्या आधी आपल्या सहाही तारा तपासाव्यात. छेडलेल्या तर खऱ्याच, पण न छेडलेल्या जास्त. आणि चूक सापडली तर लगेच जाऊन सांगावी.

जाता जाता आई-बाबांना दोन शब्द. हा सराव कानाला फार गोड लागणार नाही. आठ-पंधरा दिवस घरात नुसतं "टक, टक, खर्रर्र" चालेल. "काय ती खरखर!" म्हणण्याऐवजी पाच मिनिटं शेजारी बसा आणि दुसऱ्या गृहपाठात तुम्हीच कान व्हा. वाजवणाऱ्याला स्वतःची घुमणारी तार पटकन ऐकू येत नाही, बाजूला बसलेल्याला येते. आणि मुलांच्या डाव्या हाताची नखं कापलेली आहेत का, तेही बघा. नख वाढलेलं असेल तर बोट तारेवर नीट बसत नाही.

चला तर मग, घ्या गिटार हातात. चोर पकडला की मला पत्र लिहून कळवा. पुढच्या वेळी भेटू, तोवर सहाही तारांवर लक्ष असू द्या!